चाळीस मेंढरांची बस

ढवळमाळावरून कवठे येमाई दिसतं. हवा स्वच्छ असली की देवळाचा कळस दिसतो, पलीकडची हिरवी शेतं दिसतात, आणि ताईबाईच्या म्हणण्याप्रमाणे तिच्या भावाच्या घरावरचा नवा पत्रासुद्धा चमकताना दिसतो. गेणबाला तो पत्रा कधीच दिसला नाही. पण चाळीस वर्षांच्या संसारात कुठं बोलावं आणि कुठं गप्प बसावं एवढं त्याला कळलं होतं, म्हणून तो नुसता "व्हय व्हय" म्हणायचा आणि तंबाखू मळायचा.

माहेर असं डोळ्यासमोर, आणि तीन वर्षांत ताईबाई तिथं गेलेली नव्हती. तिचे गुडघे गेले होते. माळावरून खाली उतरायचं म्हणजे चार किलोमीटरची दगडगोट्यांची उतरण. मागच्या वेळी भाचीच्या लग्नाला तिला घोंगडीच्या झोळीत घालून, झोळी बांबूला बांधून चौघांनी खाली नेलं होतं. खाली पोचल्यावर भावकीतली एक म्हातारी झोळी बघून रडायलाच लागली. तिला वाटलं ताईबाई गेली! तेव्हापासून ताईबाईनं ठणकावून सांगितलं होतं, "चौघांच्या खांद्यावरनं एकदाच जाईन. तवर आपल्या पायानं, न्हाईतर न्हाईच."

पाय तर चालत नव्हते. मग ती दारातल्या बाजेवर बसून माहेर बघायची. संध्याकाळी खाली दिवे लागले की म्हणायची, "दादाच्या घरचा दिवा लागला." माळावर दिवे नव्हतेच. विजेचे खांब उतरणीच्या पायथ्याशी येऊन थांबले होते, जणू त्यांचेही गुडघे दुखत होते.

अठरा उंबऱ्यांची वस्ती. सगळे धनगर, एकमेकांचे चुलते नाहीतर साडू. पूर्वी दिवाळी झाली की सगळी मेंढरं घेऊन कोकणात उतरायची, पावसाळ्याच्या तोंडावर परत यायची. आता बाजरी, हुलगा, मटकी पिकवून लोक एका जागी राहिले होते. पाणी खडकातल्या टाक्यातून. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर चढून आला तर. गेणबाचा मुलगा सुरज कोरेगाव भीमाच्या एका कारखान्यात कामाला होता; पंधरा दिवसांनी घरी यायचा तेव्हा शेवटची चढण चढून असा घामाघूम व्हायचा की त्याची बायको साधना आधी तांब्या पुढे करायची आणि मग हसायची.

गेणबाजवळ अजून चाळीस मेंढरं होती. वस्तीतला शेवटचा खरा मेंढपाळ तोच. अंगानं काटक, डोक्याला लाल पागोटं, आणि जिभेवर सतत एक शीळ. त्या शिळेवर त्याचा सोन्या नावाचा मेंढा उजवीकडे वळायचा, दुसऱ्या शिळेवर डावीकडे, आणि सोन्या वळला की बाकीची एकोणचाळीस वळायचीच.

रोजगार हमीवर दोन वर्षं खडी फोडून वस्तीनं माळावर रस्ता आणला, ही अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. तीन वळणांचा रस्ता. तो झाल्यावर खालच्या गावचे सर्जेराव, ग्रामपंचायतीचे सदस्य, एके दिवशी एसटी डेपोच्या साहेबांना जीपमधून वर घेऊन आले. साहेबांनी रस्ता पाहिला, मान डोलावली आणि म्हणाले, "गुरुवारी चाचणीची गाडी पाठवतो. व्यवस्थित आली, व्यवस्थित गेली, तर सकाळ-संध्याकाळ एक एक फेरी. फक्त वर गाडी वळायला जागा करून ठेवा."

"केवढी सायब?" गेणबानं विचारलं.

"बस वळेल एवढी," साहेब म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

जीप गेली. वस्ती एकमेकांकडे बघत राहिली. बस वळायला जागा किती लागते हे कुणालाच माहीत नव्हतं. गेणबानं तर जन्मभर शेकड्यानं बसगाड्या पाहिल्या होत्या. पण त्या पाहिल्या रस्त्याच्या कडेनं, मेंढरं बाजूला हाकता हाकता. त्याच्या नजरेसमोरून बस सरळ आली आणि सरळ गेली. वळताना कधी दिसलीच नाही.

"माझ्या ध्यानात हाय बस केवढी असती," तो म्हणाला. "नगर रोडला एक पंक्चर होऊन हुभी होती. माझी मेंढरं जोडीजोडीनं तिच्या बाजूनं गेली. सोन्या नाकापाशी पोचला तवा शेवटची जोडी शेपटापाशी होती. म्हंजी बस काय, माझी चाळीस मेंढरं."

यात खोट काढण्यासारखं काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी बिरोबाच्या ओट्यासमोरच्या मोकळ्या जागेत गेणबानं मेंढरं जोडीनं उभी केली, शीळ घातली, आणि सोन्या डौलात गोल फिरून मागच्या मागे वळला. रांग त्याच्यामागून पागोट्यासारखी फिरली. मागोमाग गेणबा चुलीतली राख सांडत चालला. गोल पुरा झाला तेव्हा सगळ्यांनी तो निरखून पाहिला.

"सायबाच्या मानाखातर आजून दोन हात सोडा," एकानं सुचवलं. सोडले.

नुसत्या राखेच्या रेघेवर थांबले असते तरी पुढचं निस्तरलं असतं. पण वस्तीला बस यायची हौस. राखेच्या गोलावर त्यांनी कमरेएवढी दगडी भिंत रचली. चुना नाही, माती नाही, दगडात दगड बसवून, मेंढवाडा रचतात तशी. एका बाजूला फाटकाएवढी वाट. भिंतीला गेरू लावला. साधनानं वाटेशी रांगोळी घातली. ताईबाई बाजेवरून सूचना देत होती. मंगळवारपासून तिनं जुनी पेटी उघडून ठेवली होती. हिरवं इरकल लुगडं उन्हात घालून झालं, भावजयीसाठी हुलग्याची पिशवी भरून झाली.

"आगं, बस आजून चाचणीची हाय," गेणबा म्हणाला.

"म्या कुठं काय म्हन्ले? पेटीला हवा देते," ताईबाई म्हणाली.

गुरुवारी सकाळी तिसऱ्या वळणावर लाल टप दिसला आणि वस्ती धावली. मागे उरली ती ताईबाई, बाजेवर, इरकल लुगड्यात, आणि तिच्या सोबतीला साधना. सर्जेरावांनी नारळ फोडला. पुढच्या सीटवर साहेब फाईल घेऊन बसले होते. ड्रायव्हर पोपटराव मिशीतून हसले आणि गाडी दिमाखात गोलात शिरली.

शिरली आणि थांबली.

पोपटरावांनी चाक पूर्ण फिरवलं. नाक बिरोबाच्या ओट्याला भिडायला आलं. मागे घेतली तर मागचा बंपर भिंतीला. पुन्हा पुढे, वीतभर. पुन्हा मागे, वीतभर. डिझेलचा धूर झाला, बायकांनी पदर नाकाला लावले, सोन्या वाड्यातून ओरडू लागला. पोपटराव खाली उतरले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि भिंतीवर हात ठेवून म्हणाले, "हे कुणी बांधलं?"

"म्या," गेणबा अभिमानानं पुढे झाला.

"मेंढरांसाठी?"

"न्हाई, तुमच्या गाडीसाठी. चाळीस मेंढरं आरामात वळत्यात हितं. रोज वळवून बघितली."

पोपटरावांनी पागोट्यापासून पायापर्यंत त्याला बघितलं. "मामा, मेंढरांची रांग मधी वाकती. माझी गाडी मधी वाकली तर मला कायमचं घरी बसवतील."

मग सर्जेरावच आधी हसले, आणि वस्ती हसत सुटली. गेणबाही हसला, पण त्याचं हसू मध्येच अडकलं, कारण साहेब हसत नव्हते. त्यांनी फाईल उघडली होती.

"उलटी नेता येईल खाली?" साहेबांनी विचारलं.

"तीन वळणं उलटी? साहेब, मला लेकरंबाळं आहेत."

"मग जागा मोठी करावी लागेल." साहेबांनी चहूकडे पाहिलं. पूर्वेला भिंतीपलीकडे दहा हातांवर कडा. उत्तरेला बिरोबा. दक्षिणेला रस्त्याच्या वाटेशी खडकाचा उंचवटा. पश्चिमेला तेवढा भिंतीला लागून गेणबाचा मेंढवाडा. "तो वाडा आहे तिथं गाडीची मागची बाजू गेली तरच वळेल. नाहीतर मी 'वळणाची जागा अपुरी' असं लिहितो. पुढच्या वर्षी पुन्हा प्रस्ताव पाठवा."

पुढच्या वर्षी. गेणबानं वळून दाराकडे पाहिलं. एवढ्या लांबून ताईबाईला बोलणं ऐकू गेलं नसणार. पण बाज रिकामी होती.

ती येत होती. एका हातात काठी, दुसरा हात साधनाच्या खांद्यावर. तीस-पस्तीस पावलांचं अंतर, पण ती दर पाच पावलांना थांबत होती. तोवर गेणबा वाड्यापाशी जाऊन उभा राहिला होता. हा वाडा त्याच्या बापानं रचलेला. बाप कोकणची वाट चालून थकला तेव्हा याच जागी बसला आणि म्हणाला, आता बास. एकेक दगड डोक्यावरून आणून त्यानं पुरुषभर उंचीचा वाडा उभा केला. त्यात कधी लांडगा शिरला नाही. पावसाळ्यात एक दगड कधी घसरला नाही. आत आज चाळीसही मेंढरं कोंडलेली होती, कारण बस येणार म्हणून गेणबा रानात गेलाच नव्हता.

ताईबाई पोचली. तिनं कुणाला काही विचारलं नाही. गाडी बघितली, वाडा बघितला, नवऱ्याचं तोंड बघितलं. मग ती वाड्याच्या पायरीवर टेकली, हाताशी आलेला एक दगड हलवून काढला आणि मांडीवर घेतला.

"अवं, बघताय काय? दगुड घ्या."

"बाचा वाडा हाय गं," गेणबा हळूच म्हणाला.

"ठावं हाय मला. तुमचा बा लगीन झालं तवा मला काय म्हन्ला हुता? 'पोरी, दरसाल म्हायेराला धाडीन.' कुठं धाडलं? मेंढरामागं कोकणात धाडलं!" ताईबाईनं मांडीवरचा दगड बाजूला ठेवला. "आता धाडू द्या म्हातारबाला. त्याच्या जिवाला बी बरं वाटंल."

गेणबानं पागोटं नीट केलं. वाड्याला हात लावून तो हात कपाळाला नेला. मग त्यानं असा दगड उपसला की बाजूच्या चार दगडांनी आपणहून वाट धरली.

त्यानंतर कुणाला सांगावं लागलं नाही. दोन वर्षं खडी फोडलेले हात होते. बायका साखळी करून दगड देत होत्या, सर्जेरावांनी पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, त्यावर कुणी म्हणालं, "सदस्य, फोटुवाला आला न्हाई आज, दमानं घ्या!" पोपटराव स्वतः दोन दगड उचलून गेले आणि उरलेला वेळ कंबर धरून बसले. मेंढरं मोकळी झाली आणि माळभर पांगली. सोन्या तेवढा बसच्या दारापाशी गेला, पुढचे दोन पाय पायरीवर ठेवले आणि आत डोकावून बघू लागला.

"ह्याचं तिकीट अर्धं का पुरं?" पोपटरावांनी विचारलं.

तासाभरात दोन्ही भिंती आडव्या झाल्या, नवी गेरूची आणि जुनी काळी. गाडी सुरू झाली. गेणबा मागे उभा राहून दोन्ही हातांनी खुणा करू लागला आणि सवयीनं त्याच्या तोंडून शीळ गेली. गाडीचा मागचा भाग लेंड्यांच्या मऊ थरावरून वाड्यात शिरला, नाक बिरोबाच्या ओट्याला सलाम करून फिरलं, आणि एकदा पुढे, एकदा मागे, एकदा पुढे होऊन गाडीचं तोंड उतरणीकडे झालं.

टाळ्या पडल्या. साहेबांनी फाईलमध्ये काहीतरी लिहिलं, सही केली. "सोमवारपासून," ते म्हणाले. सर्जेरावांनी त्यांच्या गळ्यात हार घातला. मग साहेब गाडीत चढले आणि जागीच थांबले. पुढच्या सीटवर, हुलग्याची पिशवी मांडीवर घेऊन, ताईबाई बसली होती. सगळे टाळ्या वाजवत असताना साधनानं आणि आणखी तिघींनी तिला वर चढवलं होतं.

"आजी, ही चाचणीची गाडी आहे. प्रवासी घ्यायचे नाहीत. कंडक्टरसुद्धा नाही, तिकीट कोण फाडणार?"

"मग फुकाट न्या."

"तसं चालत नाही. उतरा बरं."

"चढवायला चौघी लागल्या," ताईबाई म्हणाली. "उतरवायला किती लागत्यात ते तुमीच बघा."

पोपटरावांनी आरशात बघत मिशी पुसली. साहेब खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर गेणबा उभा होता.

"आगं, म्या कसा येऊ? मेंढरं मोकळी सुटलीत!"

"तुमाला कोन ये म्हन्तंय?"

"आन् माघारी कशी येशील?"

"सायब म्हन्ले की सोमवारपास्नं. सोमवारी येते." मग ती साहेबांकडे वळली. "आन् सोमवारी गाडी आली न्हाई, तर तुमच्या डेपोत येऊन बसते. मला काय, बसायची सवय हाय."

गाडी निघाली. वळणावर तिचा हात खिडकीतून बाहेर आला, बांगड्यांसकट. गेणबानं हात हलवला खरा, पण अर्धाच, कारण तेवढ्यात सोन्या एकट्यानं कड्याच्या बाजूला निघाला होता.

चार रात्री मोडक्या वाड्याच्या खिंडारात गेणबा घोंगडी पांघरून आडवा झोपला, फाटकासारखा. दिवसा त्यानं वाड्याचे दगड उचलले आणि घरामागे नवा वाडा रचायला घेतला. खिंडाराची जागा मोकळीच ठेवली. बसचं बूड रोज तिथंच यायचं होतं.

सोमवारी गाडी दहा मिनिटं उशिरा आली. तेवढ्या दहा मिनिटांत गेणबा तीनदा वळणापर्यंत जाऊन आला. ताईबाई पुढच्याच सीटवर होती. उतरायला या वेळी दोघीच लागल्या. खाली पाय टेकताच तिनं नवा वाडा बघितला, एक दगड काठीनं ठोकून पाहिला, मान हलवली, आणि भावाच्या घरच्या करंज्यांचा डबा नवऱ्याच्या हातात दिला.

"समद्यास्नी भेटलीस?" गेणबानं विचारलं.

"भेटले की. दादाचा पत्रा हितनं दिसतो त्यापरीस लई लांब हाय." ती बाजेवर टेकली आणि गुडघे चोळू लागली. "अवं, माझी धाकटी बहीन पाटसला दिली हाय न्हवं? शिरूरात एक गाडी बदलली म्हंजी झालं म्हनं. पोपटराव म्हन्ले, मावशी, म्या बशीवतो तुमाला."

गेणबानं डबा उघडला, एक करंजी तोंडात टाकली आणि पेटीकडे बघितलं. पेटी उघडीच होती.