गोधडी वाळेपर्यंत

मोठीमायच्या हातून पाणी सांडतं, हे आमच्या सगळ्या गणगोतात माहीत होतं. लग्नकार्यात तिच्या हाती कोणी भरलेलं भांडं देत नसे. तुपाची तपेली घेऊन ती पंगतीकडे निघाली की कोणीतरी धावत यायचं, "राहू द्या बाई, तुमी बसा," म्हणत तपेली काढून घ्यायचं. मोठीमाय हसून बाजूला बसायची. खरं सांगते, उभ्या जन्मात मी तिच्या हातून थेंबभर पाणी सांडलेलं पाहिलं नाही. डोक्यावर दोन आणि कडेवर एक असे पाण्याचे भरलेले पितळी गुंड घेऊन ती विहिरीवरून यायची, तरी मागचा रस्ता कोरडाच असायचा.

ती माझ्या बाबांची वहिनी, थोरल्या भावाची विधवा. मूलबाळ नाही. उंद्रीजवळच्या आमच्या मळ्यात दिवसभर वांगी-मिरच्या तोडायची आणि रात्री मला कुशीत घेऊन झोपायची. माझं दुखणं असं, की मी अंथरुणात मुतायची. लहानपणी सगळेच मुततात, त्यात काय मोठं? पण मी सातवीत गेले तरी मुतत होते. आता या वयात ते लिहायला लाज वाटत नाही. तेव्हा मात्र जीव नकोसा व्हायचा.

घरात सगळ्यांच्या आधी मोठीमाय उठायची. ओली गोधडी बगलेत मारून नाल्यावर जायची आणि गाव जागं व्हायच्या आत धुऊन आणायची. भिजलेली गोधडी केवढी जड होते, ते धुणारीलाच ठाऊक. पिळायला दोघी लागतात. ही एक टोक बाभळीच्या फांदीला अडकवायची आणि एकटीच पिळायची, मग दिवसभर कंबर धरून चालायची. मी रडवेली होऊन समोर उभी राहिले की म्हणायची, "रडतं काऊन वं? पाणीच हाय. वाळून जाईन." पावसाळ्यात ते काही वाळत नसे. मग ती गोधडी चुलीच्या धगीवर धरून बसायची आणि मी मुताचा न् धुराचा वास घेऊन शाळेत जायची. शेजारी बसणारी पोरगी नाक दाबून धरायची, ते अजून आठवतं.

औषधं काय कमी झाली? कोणी म्हणालं काळे तीळ आणि गूळ द्या. इतके खाल्ले, की आजही संक्रांत आली की मला मळमळतं. पिंपळगाव राजाच्या एका वैद्याकडे मोठीमायनं खेपा घातल्या. पुड्या कडूजहर, आणि दर पुडीचे पैसे वेगळे. दर्ग्यावरचा ताईत गळ्यात आला. दिवेलागणीनंतर पाणी बंद झालं. वैशाखात घसा सुकायचा आणि मी माठाकडे बघत बसायची. शेवटी खामगावचा डॉक्टर झाला. त्याच्या सुयांपायी मोठीमायचे हातातले चांदीचे गोट तिथल्याच सराफ्यात गेले. नवऱ्यानं केलेलं तेवढंच अंगावर उरलं होतं तिच्या.

बाबा कावून गेले होते. "हिच्या मुतापायी घर वाहून जाईन एक दिवस," असं ते नेमकं जेवताना म्हणायचे आणि माझा घास हातातच राहायचा. मोठीमाय चुलीपाशी बसल्या बसल्या सांगायची, "भावजी, लेकराले जेवू तरी द्या. ते काय हौसेनं करते?" बाबा वाईट नव्हते हो. घरातली सगळीच माणसं थकली होती, आणि मीही.

धाड गावाला आईच्या माहेरचं लग्न होतं, तिथं मुक्काम पडला. बाया-पोरींना निजायला मांडवात एकच लांबलचक जाजम अंथरलेलं. ते जाजम गावकीचं, आज या कार्यात तर उद्या त्या. मी जागं राहायचं ठरवलं आणि ठरवता ठरवता झोपले. पहाटे जाग आली ती कुशीखाली गार पाणी लागलं म्हणून. मोठीमायनं उशाचा तांब्या उचलून माझ्याखाली ओतला होता, सगळाच्या सगळा. मग ती मोठ्यानं ओरडली, "अव माय! सांडला ना तांब्या माह्या हातून! उठा वं बायांनो, जाजम भिजलं!"

बाया चिडून उठल्या. "डोळे फुटले का बाई तुमचे?" असं एकजण म्हणाली. जाजम सांभाळणाऱ्या माणसानं तर चारचौघांत तिची हजेरी घेतली. मोठीमायनं मान खाली घालून सगळं ऐकलं. माझ्याकडे कोणाचं लक्षच गेलं नाही. पुढं प्रत्येक मुक्कामी लग्नात हेच व्हायला लागलं. ती विधवा, हळदीकुंकवाला तिला कोणी बोलवत नव्हतंच. पंगतीत वाढायचा तेवढा मान होता, माझ्यापायी तोही गेला.

आमच्या गावात शाळा सातवीपर्यंतच. मी पास झाले तेव्हा गुरुजी घरी आले. म्हणाले, पोरगी हुशार आहे, बुलढाण्याच्या मुलींच्या वसतिगृहात घाला. तिथं भाकरी थापायला बाई मिळत नाही, जेवणाचे तेवढे हाल आहेत, असंही बोलता बोलता सांगून गेले. गुरुजी उठून गेल्यावर बाबा म्हणाले, "काई नाई जायचं. एक दिवस खाट भिजवली की दुसऱ्या दिवशी परत धाडतीन. साऱ्या जिल्ह्यात बोभाटा होईन, मंग हिच्यासंगं लगन कोण करीन?"

झालं, संपली माझी शाळा, असं वाटून मी दाराआड रडत बसले. तेवढ्यात मोठीमायचा आवाज आला. "मी जातो तिच्यासंगं. भाकरी थापाले बाई पाह्यजे ना त्यायले? मी थापतो."

"घरची बाई दुसऱ्याच्या चुलीवर? लोकं काय म्हणतीन मले?"

"म्हणू द्या, भावजी. मले काय कमी म्हणून राह्यले का ते?"

जूनमध्ये आम्ही दोघी एसटीनं बुलढाण्याला गेलो.

पोरीला एकटं झोपायची सवय नाही, असं सांगून तिनं मला स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत आपल्याजवळच ठेवून घेतलं. गोधड्या सरपणाच्या ढिगामागं वाळायच्या. पन्नासेक पोरींच्या भाकरी थापून तिचे तळहात भाजून निघायचे. आणि दिवाळीनंतर कधीतरी माझं ते दुखणं आपोआप थांबलं. ना तिळानं, ना ताईतानं, ना सुईनं! असंच थांबायचं होतं मेलं, तर निदान गोट तरी वाचले असते. सबंध महिना कोरडा गेला तेव्हा मी धावत जाऊन तिला सांगितलं. वाटलं होतं, ती मला उचलून घेईल. ती "बरं झालं" म्हणाली आणि पुढची भाकरी थापायला घेतली. तिच्यात तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबा न्यायला आले. मी म्हटलं, "चल मोठीमाय, आता घरी राहा. जरा आराम कर."

तिनं माझी पिशवी बांधून दिली. स्वतःची बांधली नाही.

"मी नाई येत," ती म्हणाली. "ते कोपऱ्यातल्या खाटेवरची पोरगी पाह्यली का तू? बाप नेत नाई तिले सुट्टीत. सगळ्यायच्या आधी उठून खाटेवर बसून राह्यते, उठतच नाई. खाट दिसू देत नाई कोणाले. तिच्यासंगं कोणीच आलं नाई वं."

मला राग आला, त्या पोरीचाही आणि हिचाही. मी पिशवी उचलली आणि बाबांच्या मागं निघाले. पुढं मी मॅट्रिक झाले, मास्तरीण झाले. मोठीमाय त्या चुलीपाशीच राहिली आणि तिथंच गेली. ती गेली तेव्हा मी दूर नोकरीवर होते, मला उशिरा कळलं. माझ्यापुरती ती त्या उन्हाळ्यातच गेली होती. त्या सुट्टीत घरी पोचले त्या दिवशी आईनं मोठ्या कौतुकानं माझं वेगळं अंथरूण घातलं, नवी गोधडी काढली. सकाळपर्यंत ती कोरडी ठणठणीत होती, आणि मला मात्र रात्रभर झोप लागली नाही.