पडेल सिनेमातली पांढरी टोपी

साताऱ्याहून म्हसवडची सकाळची गाडी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर लागणारा एक चष्मा होता, आणि खिशातल्या मोबाइलमध्ये उतरवून घेतलेला एक अत्यंत भिकार मल्याळम सिनेमा. चष्मा मी बनवला होता. सिनेमा कुणी आणि का बनवला असेल, हे मला आजवर कळलेलं नाही.

माझं साताऱ्यात चष्म्याचं दुकान आहे आणि गेली काही वर्षं मल्याळम सिनेमाचं वेड आहे. भाषेचा गंध नाही, खालच्या इंग्रजी पट्ट्या वाचत बघतो. गिऱ्हाईक काच बसेपर्यंत स्टुलावर अडकलेलं असतं, तेवढ्यात त्याला माझी मतं ऐकवतो. आमच्या बायकोच्या मते धंदा यामुळेच वाढत नाही.

तर महिनाभरापूर्वी मी असाच एकाला या सिनेमातल्या चुका ऐकवत होतो. "अहो, केरळातली गल्ली, आणि मागे दारात गांधी टोपी घातलेला म्हातारा! हा आला कुठून? दिग्दर्शक झोपला होता का?"

पलीकडे आईच्या चष्म्याचा नंबर घेऊन एक माणूस उभा होता. तो हळूच म्हणाला, "काका, त्यो आमचा दादा असंल."

त्याचं नाव सोपान. गाव आटपाडीच्या अलीकडे. त्यांच्या घरात गलाईचं (जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याचं) काम. त्या भागातले लोक या कामासाठी देशभर पांगलेत. सोपानचे वडील, म्हणजे हे दादा, केरळात त्रिशूरला गेले आणि तिथेच भट्टीपुढे त्यांचा जन्म गेला. एकदा गल्लीत शूटिंग आलं. सिनेमावाले म्हणाले, रोजच्यासारखे दारात उभे राहा. रोज म्हातारा काजळलेल्या बनियनवर असायचा. पण चारचौघांत फोटो निघणार म्हटल्यावर त्याने अंघोळ केली आणि गावच्या जत्रेला घालायची ठेवणीतली टोपी चढवली. सिनेमाचं नाव विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही. पुढे वडील गेले, आई गावी आली.

"घरात फोटो हायत की," सोपान म्हणाला. "पर आई बघत न्हाई. म्हणती, फोटुत माणूस हलत न्हाई."

मी भरात येऊन सांगून टाकलं की चष्मा तयार झाला की सिनेमासकट स्वतः घेऊन येतो. नंतर धास्तावलो. मला टोपी आठवत होती. टोपीखालचा माणूस हलला होता की नुसता उभा होता, ते काही केल्या आठवेना. आधी बघून ठेवावं तर तेही मनाला पटेना. त्या बाईचा नवरा तिच्याआधी आपण मागेपुढे करून बघायचा, हे बरं वाटलं नाही.

पुसेगाव गेलं, दहिवडी गेली. डोंगर बोडके होत गेले आणि रस्त्याला मेंढरं लागली. डाळिंबाच्या बागांवर पांढरी कापडं पांघरली होती. म्हसवडला सिद्धनाथाचं दर्शन घेतलं, 'हलू दे रे बाबा' एवढंच मागितलं. मग एका टपरीवर खरडा (ठेचलेली हिरवी मिरची) आणि भाकरी खात बसलो आणि डोळ्यांतलं पाणी पुसेपर्यंत पुढची एसटी गेली.

शेवटी डाळिंबाचे रिकामे क्रेट नेणाऱ्या टेम्पोत जागा मिळाली. ड्रायव्हर गप्पिष्ट निघाला. मल्याळम सिनेमात एवढं काय हाय, असं त्याने विचारलं आणि तो फसला.

मी म्हटलं, चांगला असला तर त्यात काहीच नसतं. शेजाऱ्याने नेलेली शिडी परत दिली नाही, यावर अख्खा सिनेमा उभा राहतो. पोलीस असतो, पण त्याचं पोट सुटलेलं असतं आणि बदलीची काळजी असते. मोठा नट केस पिकवून, हरलेला बाप होऊन उभा राहतो. बाई दिवसभर स्वयंपाकघरात भांडी घासते, आणि तेवढ्यावरून आपल्याला घरातलं पाप कळतं.

"आन वाईट असला तर?"

तर मग हिरो लुंगी दुमडतो. तेही इतकं सावकाश की तेवढ्यात आपण चहा करून यावा. गेल्या काही वर्षांत कुऱ्हाडी आणि रक्त फार झालंय. मध्यंतरापर्यंत सोन्यासारखी आलेली गोष्ट पुढे उगाच ताणतात. गुंड लागला की तो हटकून बाहेरगावचा. पडद्यावर बायकांबद्दल एवढं शहाणपण, आणि पडद्यामागे त्यांना कसं वागवतात ते ऐकलं की मान खाली जाते. आणि सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे, तिथल्या पेठापेठांत आपली गलाईवाली माणसं राहतात, पण ती एकाही गोष्टीत मला दिसलेली नाहीत.

"आमच्या बी पिच्चरमदी टेम्पोवाला कुटं असतोय," ड्रायव्हर म्हणाला, आणि मला फाट्यावर उतरवून गेला.

सोपान मोटरसायकल घेऊन उभा होता. गाव बंगल्यांचं, निम्म्या बंगल्यांना कुलपं. सोपानच्या पडवीला केरळसारखी उतरती लाल कौलं, समोर नारळाची दोन खुरटलेली झाडं. त्याची आई उंबऱ्यातच बसली होती. सोपान मला काका म्हणतो, म्हणून मी तिला वहिनी म्हटलं. "आवं, किती वाट बघायची," म्हणाली, आणि आधी खायला दिलं. पुट्टू (नळीत वाफवलेलं पीठ) केरळात तांदळाचं करतात. वहिनींनी ज्वारीचं केलं होतं, वर ओलं खोबरं आणि शेंगदाण्याची चटणी. असं काही मी जन्मात खाल्लं नव्हतं. दोनदा मागून घेतलं.

मग मी त्यांना चष्मा घातला, कानामागच्या काड्या बसवल्या. सोपानने मोबाइल पुट्टूच्या भांड्याला टेकवून ठेवला. मी म्हटलं, गल्लीपाशीच लावू. वहिनी म्हणाल्या, "न्हाई. पयल्यापासनं."

त्यांना भाषा येत होती, त्यामुळे पट्ट्यांची गरज फक्त मला. हिरोने लुंगी दुमडली तेव्हा त्या म्हणाल्या, "ह्यो थोरला भाऊ झालता त्या पिच्चरीत बरा हुता." पावसात नायिका दोरीवर कपडे वाळत घालताना दिसली, तर म्हणाल्या, "तितं पावसुळ्यात आठ-आठ दिस कापडं वाळत न्हाईत. कुबट वास येतूया. ह्यांच्या पिच्चरीत कवाच येत न्हाई." माझ्या सगळ्या मतांत हे एक मत कमी होतं.

मध्यंतर गेलं. मारामारी गल्लीत शिरली. 

हिरो पळत आला, आणि मागे दारात पांढरी टोपी दिसली. म्हातारा आधी ताठ उभा होता, फोटोसारखाच. मग त्याने टोपी सरळ केली. मान वळवून घरात बघितलं, हाताने कुणाला तरी बोलावलं. ओठ हलले. क्षणभर वाट बघितली आणि पुन्हा समोर वळला. गल्ली संपली.

पुढच्या मारामारीत कोण मेलं ते मी बघितलं नाही. सोपानने न सांगताच सिनेमा मागे घेतला. पुन्हा टोपी, पुन्हा तो हात. त्या बोलण्याला खाली पट्टी नव्हती. पार्श्वसंगीताच्या दणक्यात आवाजही नव्हता.

"तू बी ये भाईर, म्हणत्यात," वहिनी म्हणाल्या. "दिसशील, म्हणत्यात." पदराने त्यांनी चष्म्याची काच पुसली, पण डोळे तसेच ठेवले. "माझं हात पिठात हुतं. मी न्हाई गेले."

 रडू आलं आणि ते मी लपवलंही नाही.

वहिनींनी पुन्हा एकदा लावायला सांगितलं. या वेळी त्याचा हात वर झाला तेव्हा त्या बसल्या जागेवरून किंचित पुढे सरकल्या. मग सोपानला म्हणाल्या, "भाऊंला चा ठेव."

परतताना विटा-कऱ्हाडमार्गे आलो. गाडीत मनात आलं, तो दिग्दर्शक चांगला असता, माझ्या आवडत्यांपैकी कुणी असता, तर त्याची नजर बारीक असती. त्याने टोपी काढायला लावली असती. मान वळवली म्हणून शॉट पुन्हा घेतला असता. झोपाळू होता म्हणून म्हातारा राहिला. ज्याला इतके दिवस शिव्या घातल्या, त्याचे मी कऱ्हाडच्या स्टँडवर मनापासून आभार मानले.

सिनेमा भिकार आहे, हे मत मात्र कायम आहे. दुकानात अजूनही सांगतो. फक्त आता वर एवढं जोडतो: बघायला घेतलात तर मध्येच सोडू नका. मध्यंतरानंतर एक गल्ली येते. तिथे जरा गप्प बसा.