शाल ह्यांच्या खांद्यावर

स्टेजवर शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांनी माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. मी खाली, बायकांच्या रांगेत. अध्यक्षांच्या पत्नी आल्या, कुंकू लावलं, माझी ओटी भरली. खण, तांदूळ, सुपारी. अध्यक्ष माइकवर म्हणाले, "सरांच्या मंडळीनं बी लई साथ दिली."

साथ म्हणे. जळकोटकडच्या त्या संस्थेच्या शाळांचं निकालाचं सॉफ्टवेअर मी लिहिलं होतं. नांदेडला, घराच्या मागच्या खोलीत, एक कान कुकरकडं ठेवून. कंपनी माझी. गल्लीतल्या दोन पोरींना शिकवून मीच उभी केलेली. नवरा मेडिकलच्या दुकानात कामाला. माणूस वाईट नाही. पण गिऱ्हाइकाचा फोन आला की समोरचा म्हणायचा, "सरांना द्या." मग हे फोन कानाला लावायचे. मी शेजारून हळूच सांगायची, हे तेच मोठ्यानं बोलायचे. बैठकीतही तेच. माझ्याच कंपनीत मी कुजबुजत होते.

सत्कार झाला. अध्यक्ष म्हणाले, "सर, आता एका पोराचा निकाल काढून दाखवा."

हे लॅपटॉपसमोर उभे राहिले. भिंतीवर पडदा, समोर सगळा गाव. ह्यांचं बोट नुसतंच फिरत राहिलं. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं, फोनवर असताना पाहायचे तसं.

अध्यक्षांच्या पत्नीनं मला कोपरानं ढोसलं. "जा की बाई. मागं उभं राहून सांगा हळूच. पुरुषमाणसाची शोभा व्हायली."

माझ्या ओटीत तांदूळ होते. सत्काराला मी चालत नाही, सांगायला मात्र हवी. तेही मागून.

मी उठले. "हे मी केलंय. मी दाखवते. माइकवर तेवढं सांगा, कुणी केलंय ते."

अध्यक्ष हसले. "ताई, घरातलं घरात. सांगा की तिथूनच."

"मग निकाल निघायचा न्हाई."

कुणीतरी मागून म्हणालं, "लई शिकलेली दिसते." बायकाही हसल्या. त्या हसल्या ते जास्त लागलं. मी ओटी खुर्चीवर ठेवली, स्टेजवर जाऊन लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला आणि बाहेर पडले.

एसटीत हे शेजारी बसले. शाल मांडीवर घडी करून. मग म्हणाले, "चारचौघांत माझी इज्जत घालवलीस."

मी म्हणाले, "ती माझी होती. तुम्ही पांघरून बसला होता."

ते काम गेलं. अध्यक्षांच्या ओळखीतली आणखी दोन गेली. सासूबाई अजून नीट बोलत नाहीत. शाल कपाटात आहे, मी तिला हात लावत नाही.

फोन आजही येतो. "सरांना द्या."

"सर न्हाईत. मालक मीच हाय. बोला."

बरेच जण फोन ठेवतात. ठेवू द्या. कंपनी बुडाली तरी माझ्या आवाजात बुडेल. फोन मी आता कुणाच्या हातात देणार नाही.