मौसाजींच्या मंगळाची वीण

आजवर कुणाला सांगितलं नाही, ते सांगतो. मंगळावर जीवसृष्टी होती याचा पुरावा इंदूरच्या परदेशीपुऱ्यात सापडला होता, आणि तो मी दाबून ठेवला.

तो शोधणारे माझे मौसाजी, म्हणजे मावशीचे यजमान. उभ्या इंदुरात तशी नजर कुणाची नव्हती. मिलमध्ये ते कापड तपासायचे. पितळी भिंग ठेवून धागे मोजायचे आणि खोट दिसली की काठाला लाल दोरा बांधायचे. मिल बंद पडली. हात विकत घेणारे थोडेफार होते, नजर कुणालाच नको होती. भिंग खिशात राहिलं, आणि मग काही सुटेना. मावशीच्या पोळीत खोट, जावयाच्या सफारीत खोट. माझ्या लग्नात अंतरपाट धरला होता, तर मंगलाष्टकं थांबवून म्हणाले, "ठहरो गुरुजी, यात एक धागा कमी आहे."

अशात पेपरात फोटो आला: मंगळावरून आलेल्या दगडात प्राचीन जीवांच्या खुणा असाव्यात म्हणे. मौसाजींनी फोटोवर भिंग ठेवलं ते दुपारपर्यंत उठलेच नाहीत.

"देख भिया, साठ उभे, साठ आडवे. साधी वीण. आता वीण आहे तिथे विणणारा असणारच की."

मी पाहिलं. छपाईचे ठिपके होते. शेजारच्या साबणाच्या जाहिरातीतही तेच. पण मिल बंद झाल्यापासून त्यांचा चेहरा असा उजळलेला पाहिला नव्हता. मीही साठपर्यंत मोजून दाखवलं.

त्यांनी अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना पत्र लिहिलं: दगड पाठवा, तपासून देतो, मजुरी नको. खोट नसताना पहिल्यांदाच लाल दोरा बांधला, त्या फोटोला, आणि तो पत्राला जोडला. मी बँकेत, म्हणून इंग्रजी करून पाठवायचं काम माझं. लोक हसतील या लाजेनं मी ते पाठवलं नाही. पाठवलं म्हणून सांगितलं.

मग रोज, "काय साहेब, जवाब?"

"डाक लांबची आहे, मौसाजी."

बेटम्याला सोयाबीनच्या कारखान्यात चौकीदारी मिळत होती. गेले नाहीत. "मी तिकडे आणि दगड इकडे आला तर? तुझी मावशी त्यावर चटणी वाटेल."

घर मावशीच्या शिवणावर चाललं. वाट पाहता पाहता मौसाजींची नजर गेली, मग तेही गेले.

मावशी अजून पोस्टमनला थांबवते. "दगड आला तर परत नका पाठवू, सही मी करीन."

पत्र माझ्या कपाटात आहे, लाल दोऱ्यासकट. ते तिच्या हातात देऊन खरं सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.