हातमोज्यातली चिठ्ठी
रबरी हातमोज्यांचा वास आला की शेंद्र्याच्या रस्त्यावरचं ते गाड्यांचं शोरूम आठवतं, जिथे मी बिलं बनवायचे. तिथले जुने मेकॅनिक, सगळ्यांचे चाचा, स्क्रू-ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक इंजिनला लावून बिघाड सांगत. मग इलेक्ट्रिक गाड्या आल्या. त्यांना हात लावायचा तर सुरक्षेचे इंग्रजी नियम परीक्षेत तोंडपाठ म्हणायचे होते. आदल्या दिवशी चाचा हळूच म्हणाले, "बेटी, मराठी अक्षरांत लिहून दे, पाठ करतो." मी इंग्रजी शाळेतली, कसंबसं लिहून दिलं. परीक्षेत चाचा शॉकपासून वाचवणारे रबरी हातमोजे घालत असताना आतून तीच चिठ्ठी पडली. मॅनेजरने ती सगळ्यांना दाखवली. "पहिलीतल्या पोरावानी अक्षर हाय, चाचा! कुणाकडून लिहून घेतलं?" सगळे हसले. "माझंच हाय," चाचा म्हणाले. माझ्यावर संशय येऊ नये म्हणून मीही हसले, जरा मोठ्यानेच. तेव्हा त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांना गाड्या धुवायला लावलं. सवयीने ते बॉनेटला कान लावत आणि पोरं ओरडत, "चाचा, आत इंजिन नाय!" मी खाली मान घालून बिलं बनवायचे. आता ती नोकरी सुटली आहे, पण मराठीत हाताने मी अजून एक ओळही लिहीत नाही.