मामांनी मागितलेला हात

अमरावतीहून निघाले तेव्हा माझ्या पिशवीत दोन साड्या, एक छत्री, शेजारच्या काकूंनी बळेच कोंबलेले मुरमुऱ्याचे लाडू आणि लाल दोऱ्याने शिवलेला कोरा करकरीत बेसबॉल होता. गाडीत समोर बसलेल्या मुलीने तो हातात घेऊन दाबून पाहिला आणि विचारलं, "काकू, हे काय असतं?"

मी म्हटलं, "बाप्पा! हे लोकांना माहीत असतं तर माझ्या सदराला साडेतीनच वाचक कशाला राहिले असते?"

तर हे त्या साडेतीन वाचकांसाठी. तुम्हाला ठाऊकच आहे, मी शाळेत खेळ शिकवायची, निवृत्त झाले, आणि आता रोज सकाळी चहाबरोबर अमेरिकेतलं व्यावसायिक बेसबॉल बघते. जुलै आला की तिकडचा हंगाम अर्ध्यावर येतो, काही दिवस सामने थांबतात आणि सगळे नुसते बडबडत बसतात. यंदाची बडबड अशी : दोन फेकींमध्ये घड्याळ लावल्यापासून खेळ आटोपशीर झाला ते बरं की वाईट, पंचाचा निर्णय यंत्राकडून तपासून घ्यावा की नाही, हंगामाच्या मधोमध कोणता संघ आपला हुकमी खेळाडू विकून टाकणार. आणि सगळ्यात मोठं रडगाणं कोपराचं. चेंडू फेकणारी पोरं दरवर्षी आणखी जोरात फेकतात आणि एकेकाचं कोपर कामातून जातं. एवढे डॉक्टर, एवढे प्रशिक्षक, कोणी किती चेंडू फेकले ते मोजायला माणसं, तरी जातं.

घरी बसून त्यावर लिहिण्यापेक्षा मला माहीत असलेलं एक कोपर प्रत्यक्ष पाहून यावं असं ठरवलं. ते होतं भिवंडी तालुक्यातल्या दिघाशी गावात.

त्या कोपराचा मालक निकेश. दोनेक वर्षांपूर्वी राज्य स्पर्धेसाठी तो आमच्या शहरात आला होता. क्रिकेटमध्ये हात वाकवून टाकतो म्हणून पंचांनी त्याला आयुष्यभर नो-बॉल दिले आणि पोरांनी 'फेकी' म्हणून चिडवलं. कॉलेजातल्या एका सरांनी मात्र त्याच्या हातात बेसबॉल दिला. इथे फेकायचंच असतं! तेव्हापासून गडी सुटला. आखाती देशातल्या एका व्यावसायिक लीगसाठी खेळाडू निवडणारे लोक सोमवारी पुण्यात येणार होते आणि त्यांनी निकेशला बोलावलं होतं. त्याने फोन केला, "मॅडम, तुम्ही या. तुम्ही असलात की धीर येतो." मग काय, निघाले.

कल्याणला उतरून भिवंडीची रिक्षा धरली. नारपोलीला रिक्षावाल्याने हात वर केले : पुढे ट्रकच ट्रक, पाणीच पाणी, पायी गेलात तर लवकर पोचाल. उतरले तर घोट्यापर्यंत चिखल आणि दोन्ही बाजूंनी लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा खडखडाट. तो इतका, की मी स्वतःशी बोलले तेही मला ऐकू आलं नाही. एका टपरीवर चहा घेतला. शिफ्ट संपवून आलेला एक कारागीर बाजूला उभा होता, केसांत कापसाचे तंतू. त्याने माझ्या पिशवीतून डोकावणारा चेंडू पाहिला.

"अम्मा, ये कौन-सी गेंद है?"

"बेसबॉल. अमेरिका का खेल."

"इसमें भी हाथ टूटता है क्या?"

मी म्हटलं, "बहुत." तो हसला आणि आपला खांदा दाबत म्हणाला, "फिर तो लूम जैसा ही है." मीही हसले.

तिथून वाडा गावाकडे जाणारी जीप मिळाली. गोदामं, गोदामं, पुन्हा गोदामं, आणि मग एकदम हिरवीगार खाचरं. दिघाशीला निकेश रस्त्यावर छत्री घेऊन उभा होता. छत्री डाव्या हातात. माझी पिशवी त्याने घेतली तीही डाव्याच हातात.

घरी पोचल्यावर कळलं, सगळं घरच त्या उजव्या हाताची राखण करत होतं. त्याने गोदामातल्या ड्युटीवर रजा टाकली होती, खोकी उचलायला नकोत म्हणून. त्याची आई, सुमनताई, दिवसभर आवणी (भाताच्या रोपांची लावणी) करून यायच्या आणि वर पाण्याचे हंडे स्वतःच भरायच्या. निकेशने बादलीला हात लावला की ओरडायच्या, "ठेव ती! त्यो हात आपला न्हाय आता, पुन्याचा हाय!"

जेवायला तांदळाची भाकरी, टाकळ्याची भाजी आणि सुकटीचं कालवण. मी चारीठाव जेवले. निकेश मला हंगामाचं विचारत होता. यंत्र पंचाला कसं चुकीचं ठरवतं? पोटाशी फुगीर अशी नवी बॅट आली आहे ती खरी का? मी सांगत होते आणि सुमनताई भाकऱ्या थापता थापता ऐकत होत्या. कोपरांचा विषय निघाला तेव्हा त्यांनी तवा खाली उतरवला.

"मंग त्याना आराम देत न्हाईत?"

"देतात ताई. पाच-सहा दिवसांनी एकदा फेकायला मिळतं."

"बरोबर हाय," त्या म्हणाल्या, जणू हा नियम त्यांनीच केला होता.

शनिवारी दुपारी निकेशचे मामा आले. सुमनताईंचे थोरले भाऊ. त्यांच्या गावाचं नाव मी इथे देत नाही. का, ते शेवटी कळेल. दिलखुलास माणूस! आल्या आल्या ओलेत्या अंगाने पडवीत बसले आणि हातातली गोणपाटाची पिशवी बहिणीपुढे ओतली. जमिनीवर मुठे (खाचरातले खेकडे) सैरावैरा पळायला लागले, मी पाय वर घेऊन खाटेवर आणि मामा पोट धरून हसतायत. "मॅडम, तुमी एवढ्या खेळाडू, आन मुठ्याला भिता!"

मुठ्यांचा रस्सा असा झाला होता की मामांना तिकडच्या खेळाडूंच्या विक्रीच्या गोष्टी सांगता सांगता मी तिसऱ्यांदा वाढून घेतला. आणि मी बोटं चाटत असतानाच मामांनी विषय काढला.

पावसाळ्यात इकडे मैदानांवर चिखल असतो. म्हणून एखादं नवं, अजून माल न भरलेलं गोदाम मिळालं की त्यात टेनिस बॉलचे सामने भरवतात. वरच्या पत्र्याला चेंडू लागला की तो चेंडू मेला असं धरतात. त्यामुळे लांबून उंच फेकून चालत नाही, सरळ रेषेतच मारावा लागतो. मामांचं गाव अंतिम सामन्यात पोचलं होतं. सामना रविवारी.

"बाय," मामा बहिणीला म्हणाले, "एक दिस भाचा दे. लांबच्या भिताडापाशी उभा राहंल, बस. एक-दोन बॉल मारंल. टेनिसचा बॉल, कापसावानी. त्यानं काय व्हतंय?"

चूक होती ती हीच. चेंडू हलका म्हणजे हाताला त्रास नाही, असं सगळ्यांनाच वाटत होतं. मी म्हटलं, "मामा, हलका चेंडू जोरात फेकला की सगळा हिसका कोपरावर येतो. परवा त्याची निवड आहे. नका नेऊ."

मामांना राग आला नाही. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमी मगाशी बोल्लात, तिकडं मधेच खेळाडू इकतात. खरं ना?"

"खरं."

"आमच्यात इकत न्हाईत. मागतात."

मी सुमनताईंकडे पाहिलं. त्या मुठ्याची रिकामी कवचं गोळा करत होत्या. निकेश आईकडे बघत होता. माहेरचा भाऊ ओलाचिंब होऊन दारात आलेला, त्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? त्या खाली मान घालूनच म्हणाल्या, "जाईल त्यो."

तिकडे विकल्या जाणाऱ्या खेळाडूला कोणी विचारत नाही. इथे विचारतात, पण उत्तर आधीच ठरलेलं असतं. मी आणखी बोलायला हवं होतं. भांडायला हवं होतं. पण पाहुणी, त्यात त्याच माणसाने आणलेल्या रश्श्याचं बोट अजून तोंडात.

रविवारी आम्ही सगळे गेलो. त्यातही गंमत झालीच : जीपवाल्याने आम्हाला भलत्याच आवारात नेऊन सोडलं. "गोदामात मॅच हाय," म्हटलं तर चौकीदार म्हणतो, "इथं गोदामांशिवाय दुसरं हाय काय?" शेवटी माइकच्या आवाजाचा माग काढत पोचलो. आत ही लोटालोट गर्दी. वरती पत्र्यावर पावसाचा ताशा, खाली सिमेंटची ओलसर फरशी, खांबांना बांधलेले भोंगे.

निकेश लांबच्या भिंतीपाशी उभा राहिला. बराच वेळ त्याच्याकडे चेंडूच गेला नाही. हात गार पडत होता, मला लांबूनही दिसत होतं, तो सारखा बोटं मिटत-उघडत होता. मग एक फटका थेट त्याच्याकडे गेला. फलंदाज दुसऱ्या धावेला वळला आणि निकेशने फेकला. जमिनीशी समांतर, पत्र्याखालून, टप्पाही न पडता कीपरच्या हातात! फलंदाज अर्ध्या वाटेतच. भोंगा किंचाळला, "आली रे आली, दिघाशीची तोफ आली!"

मी टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगू? उभी राहून वाजवल्या. इतकी सुंदर फेक मी सकाळच्या चहाबरोबर क्वचितच पाहिली आहे. बाजूच्या खुर्चीत सुमनताई मात्र पदराचं टोक मुठीत धरून बसल्या होत्या.

शेवटच्या चेंडूवर समोरच्यांना बरोबरी करायलाही दोन धावा हव्या होत्या. चेंडू पुन्हा त्याच भिंतीकडे गेला. निकेश धावत आला, वाकला, आणि वळता वळता फेकला. चेंडू पोचला, यष्ट्या उडाल्या, मामांचं गाव जिंकलं. सगळे कीपरकडे धावले. निकेश भिंतीला पाठ टेकून खाली बसला होता, डाव्या हाताने उजवं कोपर धरून. त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. फक्त त्याची आई उठली होती.

मामा कप घेऊन आले, भाच्याच्या पुढ्यात धरला. निकेशने तो डाव्या हाताने घेतला आणि हसला.

"डावखुरा कवापासून झालास रं?" मामा म्हणाले. सगळे हसले.

संध्याकाळपर्यंत कोपर सुजलं. भिवंडीतल्या डॉक्टरांनी हात हळूच वळवून पाहिला. आतलं लिगामेंट फाटलेलं दिसतंय, म्हणाले, मोठी तपासणी करा, तोवर काही उचलायचं नाही. फेकायचा तर प्रश्नच नाही. सोमवारी सकाळी निकेशने अंगणात माझा तो कोरा चेंडू उजव्या हातात घेतला. बोटं मिटेनात. चेंडू त्याच्या पायापाशी पडला आणि चिखलात थोडा घरंगळला. त्याने पुण्याला फोन केला. तिकडचा माणूस भला होता. हात बरा झाला की कळवा, म्हणाला.

तेवढ्यात मामांचा फोन आला. सुमनताईंनी घेतला. "बरा हाय की," त्या म्हणाल्या. "पुन्याची निवड? ती पुढं गेली, दादा. पाऊस हाय ना." आणि फोन ठेवून चुलीपाशी जाऊन बसल्या. लाकडं ओली नव्हती, धूर नव्हता, तरी पदर डोळ्यांना होता.

मी जवळ बसले. म्हटलं, "ताई, भावाला सांगायला हवं."

"सांगून काय? त्याच्या जिवाला लागंल, त्यो जेवायचा न्हाय." मग चुलीतली राख ओढत त्या म्हणाल्या, "हंडे मी उचलले, ताई. बादलीला हात लावू दिला न्हाय. आन मीच धाडला." मीही टाळ्या वाजवल्या होत्या.

निघताना मी चेंडू परत घेत नव्हते, पण निकेशने तो पुसून माझ्या पिशवीत घातला. "बरा झालो की आणा, मॅडम." डाव्या हाताने त्याने मला जीपमध्ये चढवलं.

घरी आले तोवर तिकडचा हंगाम पुन्हा सुरू झाला होता. पहिल्याच सामन्यात एक गोलंदाज कोपर धरून बाहेर गेला आणि समालोचक मंडळी लगेच हिशेब मांडत बसली : दोष वेगाचा, घड्याळाचा की प्रशिक्षकांचा? मी टीव्ही बंद केला. दिघाशीतल्या त्या घरात दोष शोधायला गेले तर मला सापडतो एक भाऊ, जो भाच्यावर जीव टाकतो, आणि एक बहीण, जिला माहेर आहे. रागवायचं कुणावर? राग येतो, आणि टेकायला जागा मिळत नाही. वाईट वाटतं, एवढंच खरं.

लिहायच्या आधी मी सुमनताईंना फोन करून विचारलं. "लिवा," त्या म्हणाल्या, "पर माझ्या भावाला कळंल असं नका लिवू." म्हणून मामांचं गाव यात नाही, आणि निकेश, सुमनताई, दिघाशी ही नावंही बदललेली आहेत.

मग मी हाताची चौकशी केली. पट्टा लावलाय, म्हणाल्या. गोदामात आता गेटवर बसायची ड्युटी दिली आहे. बोलता बोलता त्यांनी सांगितलं, "काल दादा आलता. पोरगा ड्युटीवर व्हता. पुढल्या पावसाळ्याला भाचा मागून गेला."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

पलीकडे भाकरी थापायचा आवाज सुरू झाला.

"काय बोलनार, ताई? हो बोल्ले."