दोन अनाथ आणि खानावळीची मावशी

भूकंपाचा अनाथ म्हणजे लई इज्जतीचा अनाथ. एका पहाटे माझं गाव गेलं, आईबाप गेले, आणि मला दगडांतून वर काढलं तेव्हा भोवती एवढे कॅमेरे, की मला वाटलं कुणाचं तरी लग्न लागतंय. घोंगड्या तर इतक्या मिळाल्या, की नुसत्या रचल्या असत्या तरी दुमजली घर झालं असतं. तेवढं कुणी रचलं नाही. "पोरगं आमचंच" म्हणून भांडलेल्या नातेवाइकांनी कॅमेरे गेल्यावर मला वसतिगृहात सरकवलं. तिथून सोळाव्या वर्षी मी लातूरला, क्लासला.

लातुरात तेव्हा डाळमिलपेक्षा क्लासच्या पाट्या जास्त. न्हाव्याच्या खुर्चीवर बसलं तरी दाढीबरोबर रसायनशास्त्र मिळायचं.

खोलीत सोबतीला नांदेडचा पोरगा. त्याचे अब्बा बांगड्या विकायचे, ते काविळीनं गेले, अम्मी त्याआधीच. तो माझ्यावर जळायचा.

"तेरा अच्छा है यार. तुझ्यासाठी जमीन हलली. माझ्या अब्बासाठी शेजारचं दुकानबी बंद झालं न्हाई."

अशात क्लासची पालक सभा आली. ज्याचं कुणी येणार नाही, तो पहिल्या बॅचमधून बाहेर. बॅच सुटली की क्लासची खोली सुटणार, आणि खोली सुटली की आम्हा दोघांना जायला जगात ठिकाण नव्हतं. पण अनाथालाही तोरा असतो. त्याला काही न सांगता मी, आम्ही दोघं जेवायचो त्या खानावळीच्या मावशीला गाठलं.

"मावशी, एक दिवस माझी आई होता का?"

ती भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "हाव. लुगडं कोणतं नेसू?"

सभेत सरांनी माझं नाव पुकारलं. मावशी ऐटीत उठली, बसली. मग नांदेडकराचं नाव आलं. मावशी परत उठली! मी त्याच्याकडं बघितलं, तो छताकडं.

सर म्हणाले, "बाई, तुम्ही आत्ताच उठला होता."

"मंग मधी बसले व्हते की."

"दोघांची आई? अहो, आडनावं बघा यांची!"

"माझ्या हातचं खाऊन राहिलेत दोघं. तवा कुनी आडनाव इचारलं न्हाई."

सरांना काही पटेना. मग मावशीनंच विचारलं, "मार्क किती पोरांचे?" सरांनी सांगितले. भौतिकशास्त्रात दोघांचीही बोंब होती. जन्मभर भाकरी थापलेला तो हात आधी माझ्या, मग त्याच्या गालावर असा पडला, की आवाज आठ-दहा कोसांवरच्या मुरुडच्या बाजारात ऐकू गेला असणार. माझ्या आयुष्यातला हा दुसरा भूकंप.

"गिळता तवा पाच पाच भाकरी, आन लिहिता काय?"

सभेतल्या सगळ्या बापांनी माना डोलवल्या. सरांनी चष्मा पुसला. "राहू द्या बाई, बसा. खात्री पटली."

बाहेर आल्यावर गाल चोळत आम्ही भांडायला लागलो.

"खालाला मी पहिल्यांदा विचारलं!" माझी मावशी ती त्याची खाला.

"चल हट! मी विचारलं. माझी आई आहे ती."

मावशी पदर खोचत म्हणाली, "ज्यानं आधी इचारलं त्यो थोरला. थोरल्यानं रोज गिरणीतून ज्वारीचं पोतं आणायचं."

त्याच क्षणी आम्ही दोघंही धाकटे झालो. आज दोघांचेही केस पांढरे झालेत, आणि थोरला कोण, हे अजून ठरायचंय. पोतं मात्र त्या दिवसापासून दोघांनी धरून आणलं, एक टोक त्याचं, एक माझं.